फिनिश दुकानात यादी कुणाला वाचून दाखवायची

मुलीचं पहिलं बाळंतपण फिनलंडमध्येच होणार हे ठरलं, तेव्हा मी माझ्यासाठी तीन कामं काढली: पासपोर्ट, डिंकाचे लाडू आणि भाषा. पासपोर्ट हातात आला. डिंक आणून ठेवला. भाषा राहिली.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. जावई तिकडे इंजिनिअर. ऐन दिवस भरताना त्यांना कामासाठी पंधरवडाभर बाहेरगावी जावं लागणार होतं. रस्त्यावर बर्फ, आणि डॉक्टरांनी मुलीला त्यावरून चालायला मनाई केलेली. म्हणजे दूध, बटाटे, मीठ, सगळं मलाच आणावं लागणार होतं. मला ते जमलं नाही तर ही पोट सांभाळत स्वतः निघणार, यात मला शंका नव्हती. हट्टाच्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

ती दर रविवारी फोनवर चार-पाच शब्द सांगायची, मी देवनागरीत लिहून घ्यायची. मीठ म्हणजे सुओला. बटाटा पेरुना, कांदा सिपुली, दूध माइतो. ताकासारखं काही मिळतं, ते पीमा. इथपर्यंत ठीक होतं. पण एका रविवारी ती म्हणाली की या भाषेत ‘कृपया’ असा शब्दच नाही, आणि मी हबकले. मग मागायचं कसं? नुसतं ‘दोन किलो बटाटे’? आपल्याकडे असं बोललं तर दुकानदार मान वर करून बघणार नाही.

जुन्या जालन्यात आमचं किराण्याचं दुकान ठरलेलं. गेलं की आधी बसायचं. पाणी येतं. शेठ घरच्यांची चौकशी करतात, कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, ते होतं. मग मी यादी वाचते. मी ‘तूरडाळ, पाच किलो’ म्हटलं की शेठ मोठ्यानं ‘तूरडाळ, पाच किलो’ म्हणतात आणि मागचा माणूस पुडा बांधतो. दोघांनी उच्चारल्याशिवाय जिन्नस यादीतून खोडायचा नाही, हा माझा नियम. त्यामुळे कधी चूक होत नाही.

तेच मी फिनिशमध्ये बसवलं. महिन्याची अख्खी यादी, वजनासकट. काक्सी किलोआ म्हणजे दोन किलो. सरावाला शेठ म्हणून शेजारच्या आपा. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. त्या ओट्यावर मांडी घालून बसायच्या आणि मी यादी काढली की हात वर करून थांबवायच्या. “पहले बैठो भाभी. बेटी कैसी है? खाना बराबर खाती ना?” उत्तर दिल्याशिवाय यादी सुरू करू द्यायच्या नाहीत. मग प्रत्येक शब्द माझ्यामागून म्हणायच्या, तोंडात पान ठेवूनच.

यजमान अंबडला कोर्टात कारकून होते. संध्याकाळी एसटीनं आले की आमचं चाललेलं असायचं. “दोघी मिळून त्या देशाचं दुकान बंद पाडता,” म्हणायचे.

यादी पक्की झाली त्या रविवारी मी फोनचं स्पीकरचं बटण दाबलं आणि मुलीला म्हटलं, आता परीक्षा घे. आपांनी बसवलं, चौकशी केली, मी घडाघडा म्हटलं, आपांनी सगळं परत उच्चारलं. कुठेही अडखळले नाही. तिकडून हसण्याचा आवाज येईल असं वाटलं होतं. आला नाही.

“आई, हे तू कुणाला वाचून दाखवणार आहेस?”

“दुकानदाराला.”

“इथं दुकानदार नसतो.”

मग तिनं सावकाश सांगितलं. टोपली घ्यायची, फडताळांमधून फिरायचं, लागेल ते उचलायचं. बटाटे आपणच काट्यावर ठेवायचे, बटाट्याचा नंबर असतो तो दाबायचा, चिठ्ठी निघते ती पिशवीला चिकटवायची. यजमानांनी पेपर खाली ठेवला. “आपणच तोलायचं? अन् कुणी बघत न्हाई?” कुणी बघत नाही, ती म्हणाली. शेवटी एक बाई बसलेली असते. ती ‘हेई’ म्हणते, आपण ‘हेई’ म्हणायचं. पैसे दिले की ‘कीतोस’, म्हणजे आभार. झालं.

एवढी पाठ केलेली यादी, आणि ती ऐकायला तिथे माणूसच नाही.

आपांनी पान एका गालात सारलं. “तो फिर बच्ची बाताँ किससे करती?”

“दुकानात नाही बोलत, आपा.”

“और बाहर?”

मग मुलगी बोलायला लागली. माणसं वाईट नाहीत, कुणीतरी पहाटेच पायऱ्यांवरचा बर्फ काढून ठेवतं, खालचे म्हातारे गृहस्थ तिच्यासाठी दार धरतात. पण विचारत कुणी काही नाही. जावई सकाळी जातात, अंधार पडल्यावर येतात, आणि अंधार तर दुपारीच पडतो. दुसरा हिवाळा चालला होता तिचा. “मघाशी तुम्ही ‘बैठो भाभी’ म्हणालात ना आपा,” ती म्हणाली, “तेव्हा मी खरंच खाली बसले.”

आपांनी पदर तोंडाला लावला. दर रविवारी ‘मजेत आहे’ म्हणणारी हीच का, ते मला कळेना.

“आई, लवकर येता येईल का?” तिनं विचारलं. आजवर ती ‘जमेल तशी ये’ म्हणायची.

फोन ठेवला आणि मी यजमानांना सांगितलं की उद्या रजा टाका, तिकीटवाल्याकडे जाऊन तारीख महिनाभर अलीकडे घ्यायची. ते म्हणाले, “अन् तुझा दुकानाचा अभ्यास?” मी म्हटलं, दोनच शब्द लागतात, ते येतात मला. माझ्यामागे जेवणाचं काय, हे त्यांनी विचारण्याआधीच आपा उठता उठता म्हणाल्या, “डब्बा मेरे घर से. गोश्त नक्को, दाल भेजूंगी.”

त्या गेल्यावर यजमानांनी पेपरची घडी घातली.

“ती लवकर फोन ठेवायची,” ते म्हणाले, “मला वाटलं, बिल वाढतं म्हणून.”

मलाही तसंच वाटलं होतं.