तासाला लागलेली फॅट

शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलेली कृती सोपी होती. तास संपला की प्रत्येक मुलाने पुठ्ठ्याचा एक चेहरा वर धरायचा. तास आवडला तर हसरा, बरा वाटला तर सरळ, कंटाळा आला तर रडका. मुलांना आपलं मत विचारलं जातं असं वाटलं की ती तासात रस घेतात, हा त्यामागचा विचार.

पहिल्या दिवशी तिसरीच्या वर्गात सगळे चेहरे हसरे आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम कंटाळवाणं शिकवलं. एक मुलगा बाकावर झोपला. त्यानेही उठून हसरा चेहरा वर धरला.

"खरं सांगा," मी म्हणालो.

पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिच्या घरी तीन म्हशी. आईबरोबर रोज सकाळी डेअरीत जाऊन ती मग शाळेत येत असे.

"सर, चेहऱ्यात खरं कसं सांगायचं? फॅट सांगू काय?"

आमचं गाव कोल्हापूर-हुपरी रस्त्यालगत आहे. इथल्या बहुतेक घरांची सकाळ डेअरीच्या रांगेत जाते आणि दुधाला फॅट किती लागली, म्हणजे भाव काय मिळाला, यावर घरातला त्या दिवशीचा सूर ठरतो. म्हशीच्या दुधाला सात लागली तर आनंद. तीन-साडेतीन लागली तर ते गाईचं, नाहीतर पाणी घातलेलं.

"सांग," मी म्हणालो.

"तीन पॉइंट चार."

वर्ग हसला. झोपून उठलेला मुलगा सगळ्यात मोठ्याने हसला.

चेहरे कपाटात गेले. डेअरीत फॅट मोजणाऱ्यासारखं रोज एक मूल टेस्टर होऊ लागलं. नियम एकच: नुसता आकडा चालणार नाही, पाणी कुठे घातलं ते सांगायचं. "गोष्ट चांगली हुती, पर सरांनी ती दोनदा सांगितली." "तुमी फळ्याकडं तोंड करून बोलला, ते निम्मं पाणी." पाणी पकडायचं म्हणजे तास नीट ऐकावा लागे. वर्ग इतका शांत पूर्वी कधीच नव्हता. माझी मजल मात्र सहा पॉइंट दोनपर्यंतच गेली.

बातमी डेअरीत पोचली. रांगेतून आवाज येऊ लागले.

"काय सर, काल चार पॉइंट एक? वैरण बदला की!"

मुख्याध्यापिका बाईंना हे आवडलं नाही. "सोमवारी केंद्रप्रमुख शाळा तपासायला येतायत. ते नको म्हणाले तर बंद. त्यांच्यासमोर हसं करू नका."

मला ते बंद व्हायला नको होतं.

केंद्रप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, "मग आज तास मीच घेतो. अपूर्णांक." बाईंच्या डब्यातली एकुलती एक भाकरी त्यांनी मागून घेतली. टेस्टरची पाळी नेमकी म्हशीवाल्या मुलीची होती. तास झाल्यावर ती उभी राहिली आणि बाईंकडे पाहू लागली.

"बोल बाळ, घाबरू नको," केंद्रप्रमुख म्हणाले.

"दोन पॉइंट आठ."

मागून दोघे-तिघे ओरडले, "दूध परत! दूध परत!" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"पाणी कुठं घातलं मी?" केंद्रप्रमुखांनी विचारलं. कान लाल झाले होते.

"सुरवातीला साहेब. तुमी कुठनं आला, किती शाळा बघितल्या, पूर्वीची पोरं कशी हुशार हुती, त्ये समदं पाणीच की."

"आणि फॅट?"

"भाकरी मोडली तवा लागली. पर लगीच तास संपला."

साहेबांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "दुसरं सॅम्पल घ्या."

या वेळी त्यांनी भाकरीपासूनच सुरुवात केली. अर्ध्याचे पाव केले. पाव सारखे होईनात. कुणाचा पाव मोठा यावर वर्गात भांडण लागलं. मोठा पाव लहान करायला त्याचा एक घास साहेबांनी खाल्ला, तर तो फारच लहान झाला. मग दुसऱ्याचा खाल्ला. मुलं बाकांवर चढून, उरलं किती ते ओरडून सांगू लागली. शेवटी भाकरी शून्य उरली आणि बाईंच्या डब्यात नुसता झुणका.

"सहा पॉइंट आठ," मुलगी म्हणाली.

"सात कर की."

"न्हाय व्हत साहेब. मशीन दाखवतंय तेवढंच."

"बरं. तुमच्या सरांना किती लागते?"

"सहा पॉइंट दोनच्या वर कवाच न्हाय."

साहेबांनी घड्याळ मनगटाला बांधलं, मिशीला चिकटलेला भाकरीचा कण झटकला आणि बाईंकडे वळले.

"हे चालू ठेवा," ते म्हणाले. "सरांना गरज आहे."