कार्मेलिनामावशीची गरी

तोंडवलीत जेवणानंतर तीन वाजेपर्यंत कुणी कुणाच्या दारात जाऊन हाक मारत नाही. पहाटे उठलेली घरं तेव्हा आडवी झालेली असतात. कार्मेलिनामावशीच्या पडवीत तर त्या वेळी चार पोरं ओळीनं झोपलेली असायची. त्यांच्या आया कामावर जाताना त्यांना तिच्याकडे सोडून जात. पाचवी आली ती संचिताची सुभद्रा. वय अडीच वर्षं. पहिल्याच दुपारी तिनं ताटावर पळी वाजवून चारही जणांना उठवून बसवलं.

संचिता आचऱ्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला नुकतीच लागली होती. नवरा, गणपत, गोव्यात बोटीवर. पोरीला बघायला घरी दुसरं कुणी नाही. चौथ्या दिवशी मावशीनं स्वच्छ सांगितलं, "पंधरा दिस बघतंय गो. नाय जमला तर तू दुसरा कायतरी बघ. बाकीच्यांच्या आवशी माका बोलतत."

दुसरं काही नव्हतंच. पडवी सुटली की नोकरी सुटणार. म्हणून संचिता रोज सकाळी पोरीला वाळूत पळवू लागली, दमली की झोपेल म्हणून.

मावशी हसली. "दमलेला पोर आणि पिलेलो माणूस, दोगव सारखीच. निजनत नाय, आरडतत."

रजेच्या दिवशी संचिता दुपारी पडवीच्या कोपऱ्यात बसून राहिली. चार पोरं झोपली. सुभद्रा उभीच. मावशी तिच्याशेजारी चटईवर पडली, आपल्या पायाच्या अंगठ्याला सूत गुंडाळलं आणि दुसरं टोक पोरीच्या मुठीत दिलं.

"तुका निजाक नको. आपण मासो धरतंव. लागलो काय सूत ओढतलो. पण हललंस तर पळतलो हां."

मावशीचा बाप खाडीत होडी उभी करून गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, टाकायचा. सहा वर्षांची कार्मेलिना पायाच्या अंगठ्याला गरीची दोरी बांधून होडीत पडून राहायची. बोलायचं नाही, हलायचं नाही. मासा यायचा तेव्हा येईल. शाळेत ती चार इयत्तांपलीकडे गेली नाही, पण हे शिक्षण तिचं पक्कं होतं.

सुभद्रा पडली. डोळे टक्क उघडे, मूठ घट्ट. मावशीनं अंगठा जरासा हलवला. पोर तोंड दाबून हसली आणि पुन्हा गप्प झाली. पुढचा मासा बऱ्याच वेळानं आला. त्याच्या पुढचा त्याहून उशिरा. पोर झोपली नाही, पण अर्धा तास पडवीत चारांच्या श्वासांखेरीज आवाज नव्हता. संचिताला आपणच श्वास धरून बसल्याचं कळलं.

रविवारी तिनं घरी हेच केलं. सूत होतं, चटई होती. पाच मिनिटांत पोर ताडकन उठून स्वयंपाकघरात पळाली.

"मावशे, माझ्याकडे नाय पडणा ता," सोमवारी तिनं तक्रार केली.

"तू काय केलंस?"

"मधी मधी बघलंय, निजला काय ता. एकदा इचारलंय पण."

"गे बाय माझे! गरी घडये घडये वर काढून बघलंस तर मासो खंयसून गावतलो? तुका तिची झोप व्हयी. माका नको. माका माझी पाठ टेकूक गावली काय झाला."

संचिता ओशाळली. खरंच, मावशी खोटं खोटं पडत नव्हती. पहाटेपासून राबलेली बाई मनापासून पडत होती. पोरीला ते कळत होतं.

मुदतीच्या पंधराव्या दिवशी संचिता दुपारीच कामावरून आली तेव्हा पाचही पोरं चटईवर होती. चार झोपलेली. सुभद्रा जागी, छपराच्या वाशांकडे बघत आपल्या पायाचा अंगठा हलवत होती. सूत कुठंच नव्हतं. आईला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

मावशीनं एक डोळा उघडला. संचिताला विचारायचं धाडस होईना. तशीच उंबऱ्यात उभी राहिली.

"उद्या येताना तिची उशी घेवन ये," मावशी पुटपुटली. "किती दिस माझी वापरतला ता?"

आणि कुशीवर वळली.