कडेगावच्या बोअरमधले बुडबुडे

तथ्ये आधी, आणि क्रमाने. आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकात लोह असते. खोल भेगांत, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे पाणी या लोहाला भिडते; लोह पाण्यातला ऑक्सिजन घेते आणि हायड्रोजन मोकळा होतो. कडेगावजवळ माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील, निवृत्त सुभेदार, यांच्या बोअरमधून सतत बुडबुडे येतात. तो बोअर ते रविवारी बुजवणार होते. म्हणून शनिवारी पहाटेच मी साताऱ्याहून निघाले.

रहिमतपूरमार्गे जा. हंगामात उसाच्या जोडट्रॉल्यांमागे अडकाल. पुढे घुसू नका. रहिमतपुरात मिसळ साठ रुपये. कट उत्तम, पाव शिळा. गरम केल्याने पाव ताजा होत नाही, हे मी मालकांना सांगून आले.

बोअरवर वाकले आणि खदखद ऐकू आली! आयुष्यभर फळ्यावर लिहिलेली अभिक्रिया कदाचित माझ्या पायाखाली चालू होती.

"लय गॅस हाय," सुभेदार म्हणाले. "उद्या कुणी हितं बिडी शिलगावली मंजी?"

"फौजेत बंदुकीला भ्याला न्हाई," त्यांच्या पत्नी हसल्या, "आन् बुडबुड्याला भ्याला व्हय!"

भीती रास्तच होती. भोवती काटेरी कुंपण घालून घेतले, मगच नमुना घेतला. पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली पाण्याच्या बादलीत उलटी धरायची आणि बोअरमधून आणलेल्या नळीतून येणाऱ्या वायूला तिच्यातले पाणी खाली ढकलू द्यायचे. कोरड्या बाटलीत वायू भरणारे हवाच मोजत बसतात.

मग बोअरच्या कडा ढासळू नयेत म्हणून आत बसवलेल्या केसिंग पाइपकडे लक्ष गेले. लोखंडी! पाण्यात गंजणारे लोखंडही हायड्रोजन सोडते. वायू खडकाचा की पाइपचा?

"आवं बाई, फुडल्या रविवारपातूर थांबतो," सुभेदार म्हणाले. "पर गॅस कसला, कुठला, ते कागदावर पायजे. तोंडी न्हाई."

परतताना ट्रॉल्यांमागे अडकूनही मी गुणगुणत होते. बाटली मात्र बूच लावून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत उलटीच ठेवली; तोंडाशी उरलेले पाणी वायू अडवून धरते.

काल तिथून फोन आला: "बहुधा हायड्रोजन आहे, मॅडम." आनंदाने मी उभी राहिले, आणि लगेच संतापले. 'बहुधा'वर कोणी बोअर उघडा ठेवत नाही. प्रयोगशाळाप्रमुखांनी ही नोंद वाचावी. हायड्रोजन किती, त्यात हवा किती मिसळली आणि पाइपचा संशय कोणत्या चाचणीने फिटेल, याचे सहीनिशी लेखी उत्तर मला शनिवारपर्यंत हवे.