सेट झालेला स्लॅब

कल्लाप्पा मेस्त्री हातोडा घेऊन स्लॅबखाली उभा होता. मी वर होतो. नव्या स्लॅबवर काँक्रीट मुरण्यासाठी वाफे करून पाणी साठवतात. त्या पाण्यात ढग उतरले होते. पलीकडे शापोऱ्याची नदी. पाणी कुठे संपतं आणि नदी कुठे सुरू होते, तेच कळत नव्हतं.

"सायेब, खोलू का टेकू?" खालून आवाज आला.

चोपडे गावातल्या त्या घराचा इंजिनिअर मी. मालकांना सगळे पात्रांव म्हणायचे. ते सकाळीच येऊन गेले होते. चवथीला गणपतीवर फळांची माटोळी टांगायला त्यांना मोकळं छत हवं होतं.

"इंजिनीर, चवथ लागीं पावली. माटोळी खंय बांदूं? ह्या टेकवांच्या रानांत?"

"पात्रांव, स्लॅब अजून कच्चा आहे."

"तूं कितें तरी सेट कर मरे."

'सेट' हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द. चौकट सेट करतात, रेट सेट करतात, पाण्याचा पंप म्हणजे सेट, मुलाला नोकरी लागली की तोही सेट. काँक्रीट सेट झालं म्हणजे ते ओलं राहिलं नाही, एवढंच. त्याला काही तास पुरतात. स्वतःचं वजन पेलायची ताकद यायला आठवडे लागतात. तोवर खाली टेकू हवेतच. हे मला पक्कं ठाऊक होतं.

"सेट झालाय. खोल," मी वरून कल्लाप्पाला म्हणालो.

कल्लाप्पा खानापूरकडचा. बायको गंगव्वा आणि तान्ह्या पोरासह त्याच स्लॅबखाली राहायचा. मधल्या दोन टेकूंना साडीची झोळी बांधलेली.

"पोरगं आत्ता निजलंय," गंगव्वा म्हणाली. "तेवढे दोन ऱ्हाऊ देत की."

"राहू देत. जेवणानंतर काढा," मी वरूनच म्हणालो.

एकेक टेकू पडत गेला. मी ढग बघत राहिलो. मग ढग हलले. वारा नव्हता. पाणी दोन्ही बाजूंना संथ सरकलं आणि मधली पट्टी कोरडी पडली. किती सुंदर दिसतंय, असं क्षणभर वाटलं. हे सांगायची लाज वाटते.

खाली धावलो. गंगव्वा पोराला घेऊन अंगणात पोचली होती. दोन्हीकडून वाकलेला स्लॅब त्या दोन टेकूंवर अडला होता. कल्लाप्पाने आत शिरून बाकीचे टेकू परत ठोकले.

संध्याकाळी पात्रांव आले. "कोणें सांगलें रे तुका टेकू काडपाक?"

कल्लाप्पाने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे.

"चुकलं माजं," तो म्हणाला.

स्लॅब तोडून नवा घातला. चवथ पात्रांवांच्या पार्से गावच्या भावाकडे झाली. कल्लाप्पाला पेडण्यात पुन्हा कोणी काम दिलं नाही. मला मिळत गेलं. लोक म्हणतात, मी सेट झालो.

आता टेकू निघतात तेव्हा मी स्लॅबखाली उभा राहतो. त्याने कल्लाप्पाचं काही भरून येत नाही. टेकू मात्र वेळेआधी निघत नाहीत.