ओळंबाकाकांची वाकडी भिंत

पंचेचाळीस वर्षं गवंडीकाम करता करता काकांचं खरं नाव मागे पडलं आणि सगळे त्यांना ओळंबाकाका म्हणू लागले. त्यांची भिंत ओळंब्याच्या दोरीसारखी सरळ, केसभरही कलत नसे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, तरी आधी दाराची चौकट नजरेने मोजत, मग बसत.

शेवटचं काम म्हणून त्यांनी बंदराजवळच्या नव्या वाचनालयाची दर्शनी भिंत हट्टाने मागून घेतली. ती लाटेसारखी वळणं घेत जायला हवी होती. नकाशा काढणाऱ्या बाईंनी प्रत्येक वळणाचं माप लिहून दिलं होतं. काकांना ते समजलंही. पण डोक्याने ऐकलं तरी हात ऐकेना. सवयीने त्यांनी दोरी ताणून बांधली आणि विटा रचल्या.

बुधवारी बाई आल्या, तेव्हा अकरा थर चढले होते आणि लाटेचा मधला दहा हात भाग चक्क सरळ होता. मुकादम म्हणाला, "काकांना मागच्या संडासाच्या भिंतीवर पाठवू. तिथं सरळच हवंय." सगळे हसले. काकाही हसले, पण डबा तसाच घरी आला. बाईंनी आठवडाभराची मुदत दिली होती. नाहीतर दुसरा गवंडी.

"माझी भांड्यांची फळी कलली म्हणून तीनदा उतरवलीत," काकू म्हणाल्या. "आता कुणी वाकडं मागितलं तर जमेना होय?"

रविवारी काकूंनीच काकांना किनाऱ्यावर नेलं. ओहोटीने वाळूत ओली रेघ सोडली होती. काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग एका कोळ्याकडून जाड दोरखंड मागून त्यांनी तो त्या रेघेवर सैल टाकला. तो आपसूक वळणात बसला.

सोमवारी त्यांनी ते अकरा थर स्वतःच पाडले. "चूक माझी, हातोडाही माझा," म्हणत कुणाला हात लावू दिला नाही. मग कोळ्याचा तोच दोरखंड भिजवून भिंतीच्या पायावर सैल सोडला, मापांशी ताडून घेतला आणि त्याच्या कडेने वीट लावत गेले.

भिंत छातीएवढी झाली, तेव्हा बाई कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन परत आल्या. "उरलेली तुम्हीच पुरी करा, काका."

काका घुटमळले. "एक मागू का, बाई? खिडकीखालचा कट्टाही नकाशात लाटेसारखा वरखाली आहे, तेवढा सपाट करू द्या. माणसं तिथं बसणार, चहा ठेवणार. कप कुठं टेकायचा त्यांनी?"

बाईंनी हसत पेन्सिल काढली आणि नकाशावरची कट्ट्याची रेघ तिथल्या तिथे सरळ केली.