नळावरचा हंडा

आमच्या चाळीत एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. पाणी यायच्या आधी ज्याने त्याने आपला हंडा नळापाशी रांगेत लावायचा, आणि माणूस तिथे नसला तरी त्याच्या हंड्याची जागा कुणी घ्यायची नाही. कापडाच्या लूमवर पाळ्या करणाऱ्यांची वस्ती. माणसं कामावर, हंडे रांगेत. बाबा युनियनची पत्रकं लिहायचे, त्यांत एकजुटीचा दाखला म्हणून ही रांग हमखास यायची. ती पत्रकं वाटतच मी मोठी झाले. मला ते खरं वाटायचं.

कोरोना आला तेव्हा ताई सरकारी हॉस्पिटलात नर्स होती. तिची ड्युटी कोरोना वॉर्डात लागली. चाळीने थाळ्या वाजवल्या. समोरच्या काकींनी तर परातीला पोचा पाडला. त्याच आठवड्यात ताईचा हंडा रांगेतून निघून गटाराच्या कडेला आडवा झाला. काठीने ढकलला होता. हात कोण लावणार?

मी काकींना गाठलं. पदर नाकाला लावून त्या म्हणाल्या, "तुझ्या ताईवर राग न्हाय गं. देवमाणूस हाय ती. हंडा तेवढा नको."

"मग देवमाणसाने अंघोळ कशी करायची?"

"दवाखान्यात पाणी न्हाय का?"

तिथे सगळ्या बायकांना मिळून एकच मोरी होती. ताई घामाने भिजलेल्या कपड्यांत घरी यायची आणि सगळ्यांचे हंडे भरेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहायची. तोवर नळ बहुतेक वेळा गेलेला असायचा. माझ्या हंड्यातून घरात यायच्या प्यायच्या पाण्याला ती हात लावत नव्हती, कारण घरात बाबा होते, त्यांना दमा होता. जेवताना आमच्याकडे पाठ करायची. संसर्ग नको म्हणून, असं सांगायची. वॉर्डात कुणी दगावलं की तिच्या खांद्यांवरून ते पाठीमागूनही कळायचं.

हॉस्पिटलला कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी वाटली तेव्हा त्यांनी एक व्याख्यान ठेवलं. पडद्यावर एक साहेब आले. ड्युटीनंतर कोमट पाण्याने निवांत अंघोळ करा, म्हणाले, मन हलकं होतं. ताईने विचारलं, "सर, पाणी कुठून आणू?" सगळ्या सिस्टर मास्कच्या आत हसल्या. साहेब खूश झाले. म्हणाले, "अस्संच हसत राहा."

ताईकडून हे ऐकून मी तिच्या हंड्याबद्दल पत्रक लिहिलं आणि नळावरच्या भिंतीला चिकटवलं. ते फाडलं बाबांनी. "उद्या संप झाला तर हीच माणसं लागतील," म्हणाले. आपल्याच लेकीला पायरीवर बसवून ते कुठल्या एकजुटीची वाट बघत होते, कुणास ठाऊक. मला त्यांच्या सुबक अक्षराचीही किळस आली.

लाट ओसरली आणि चाळीने सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि पितळेचा कोरा हंडा. त्यावर ताईचं नाव कोरलेलं, खाली 'चाळीकडून सप्रेम भेट'. हंडाच का, हा प्रश्न वर्गणी काढणाऱ्या एकालाही पडला नव्हता. काकी माइकवर म्हणाल्या, "आमची लेक हाय ती." ताई भाषणाला उभी राहिली नाही. हंडा घेऊन सरळ नळाकडे गेली आणि रांगेत लावून आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी पाणी आलं. तिचा हंडा कुणी हलवला नव्हता. मात्र त्याच्या मागे दोन हंड्यांची जागा मोकळी सोडून मग बाकीची रांग सुरू झाली होती. ताईने ती जागा बघितली, पाणी भरलं, बऱ्याच दिवसांनी घरात पोटभर अंघोळ केली आणि केस पुसता पुसता म्हणाली, "मी खोली बघते दुसरीकडे."

आता ती वज्रेश्वरीला राहते, एसटीने ड्युटीला येते. सामान नेताना तिने तो हंडा नळाखालीच ठेवला.

हल्ली काकी त्यात पाणी भरतात. "चिंचेनं चांगला घासून घेतला," असं त्यांनी मला आपणहून सांगितलं.