नारळाला लागलेला हात

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी हयातभर नागरिकशास्त्र शिकवलं. मतदान गुप्त असतं, मत हा प्रत्येकाचा हक्क आहे, हे पोरांकडून इतक्यांदा घोकून घेतलं की शाळेमागं बांधलेल्या म्हशीलासुद्धा पाठ झालं असेल. गावाला मात्र कधी पाठ झालं नाही. मला झालंय असं मी समजत होतो.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. खाली गाव, आणि वर डोंगरावर गुरं पाळणाऱ्यांची वाडी. वाडीतला झरा माघातच आटतो. मग बायका हंडे घेऊन खाली उतरतात, त्या थेट पाऊस लागेपर्यंत. नळयोजना दोनदा झाली आणि दोन्ही वेळा पाइप खालच्या गावातल्या शेवटच्या घरापाशी येऊन थांबला. थांबणारच. सरपंच कायम खालचा, आणि तो ठरवते गावकी. देवीच्या सभामंडपात बाप्यांची बैठक बसते, मुंबईकर मंडळी फोनवर असतात, एक नाव ठरतं, मग गुरव देवीपुढचा नारळ फिरवतो आणि घरटी एक माणूस त्याला हात लावतो. हात लागला की तो देवीचा शब्द. त्याउपर कुणी फॉर्म भरला, तर शिमग्याला पालखी त्याच्या दारात थांबत नाही आणि घरात माणूस गेलं तर खांद्याला कुणी येत नाही. म्हणून आमच्याकडे मतदान होतच नाही. वर पेपरात कौतुक छापून येतं, गाव बिनविरोध!

मागल्या खेपेला सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. वाडीतली एक बाई माझ्या पडवीत येऊन बसली. माहेर-सासर दोन्ही वाडीतच, आणि माझीच विद्यार्थिनी. चौथीत मी चिठ्ठ्या टाकून मॉनिटर निवडला होता, तेव्हा ही निवडून आली होती.

"गुरुजी, मी उभी ऱ्हाते," ती म्हणाली. "पाणी वर न्यायचा हाय. दुसरा काय नाय."

"मग राहा की गो! घाबरतेस कुणाला?" मी म्हणालो. बोलायला माझं काय जात होतं!

तिनं फॉर्म भरला. दोन दिवसांत गावकीनं बैठक लावली. निघताना आमची ही म्हणाली, "तोंड सांभाळा. आपल्यालाही चार खांदे लागणारेत." मी चिडून म्हणालो, "मला फरफटत नेलं तरी चालेल!" आणि तणतणत गेलो.

सभामंडपात फोन स्पीकरवर ठेवलेला. मुंबईहून आवाज आला, "हॅलो, ऐकू येतंय ना? वाडीवाल्यांना सांगा, गावाची युनिटी बिघडवू नका." मावळत्या सरपंचाच्या बायकोचं नाव आधीच ठरलं होतं. मी उभा राहिलो. म्हणालो, "यंदा मतदान होऊ दे. जिला मतं पडतील ती सरपंच." कुणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. गावकीतला म्हातारा नुसता हसला, "बसा गुरुजी. तुमी आमचं गुरुजी हाव." सगळे हसले. मी बसलो.

मग नारळ निघाला. वाडीच्या माणसांनी खाली मान घालून हात लावला. त्यांत तिचा नवराही होता. गुरव माझ्यापुढं आला. तोही माझ्याच हाताखालून गेलेला. "गुरुजी, देवी," एवढंच म्हणाला. जन्मभर देवीचा नारळ समोर आला की हात लावायचा आणि कपाळाला न्यायचा, हीच सवय. माझा हात गेला. कपाळालाही लागला. ध्यानात आलं तोवर गुरव पुढं सरकला होता. "थांब रे, मी हात लावलेला नाय," एवढं म्हणायला काय लागतं? मी म्हणालो नाही. घोंगडीवर बसून राहिलो, चहासुद्धा प्यायलो. थू माझ्या जिंदगानीवर!

सकाळी ती अंगणात येऊन उभी राहिली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "म्हायती हाय. धनी व्हते बैठकीला. सासूबाय आज हाय, उद्या नाय, गुरुजी. तिला खांदा कोन देल? पोलादपूरला येताव काय माज्यासंगती? फॉर्म मागं घ्यायचा हाय."

मला म्हणायचं होतं, घेऊ नकोस. तिच्या सासूला खांदा द्यायला मी येतो. पण एकट्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर तिरडी जात नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी टोपी घातली. आम्ही एसटी धरली.

तहसील कचेरीत दुपारी तीनपर्यंत मुदत होती. टेबलामागचे निवडणूक अधिकारी तरुण होते, आवाज मऊ होता. त्यांनी तिचा अर्ज वाचला आणि विचारलं, "बाई, राजीखुशीनं मागं घेताय ना? कुणाचा दबाव तर नाही?"

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. शाळेत उत्तर अडलं की अशीच बघायची. पण आज तिचं उत्तर अडलं नव्हतं. मला येतं का, ते ती बघत होती.

साहेबांनी मला विचारलंच नव्हतं. तरी मीच म्हणालो, "छे हो साहेब, दबाव कसला?"

तिनं मान परत वळवली आणि सही केली. मी गिरवून घेतलेलं तेच अक्षर, गोल आणि सुटं सुटं.

परतीच्या एसटीत वारा लागत होता. ती माझ्या पुढ्यातून हात घालून खिडकीची काच ओढायला लागली. म्हणाली, "सरा गुरुजी, वारा बाधंल तुमाला."